रामापिथेकसची केस: डेव्हिड पिलबीमनी स्वतःचाच पूर्वज कसा मागे घेतला

माणसाच्या उत्क्रांतीचा धडा शाळा-कॉलेजात ज्यांनी वाचलाय त्यांना ड्रायोपिथेकस आणि रामापिथेकस ही जोडी आठवत असेलच. पहिला एपसारखा (एप म्हणजे चिंपांझी-गोरिलासारखं बिनशेपटीचं मोठं वानर), दुसरा जरा माणसासारखा, एवढं एका ओळीत सांगून धडा पुढे ऑस्ट्रेलोपिथेकसकडे जायचा. मला त्या रामापिथेकस नावाचं फार अप्रूप होतं, आपल्या शिवालिकच्या डोंगरात सापडलेला, रामाचं नाव लावलेला आणि थेट आपला पूर्वज. खूप नंतर कळलं की ज्या लोकांनी त्याला आपल्या वंशावळीत बसवलं त्यातल्याच एकाने, डेव्हिड पिलबीमनी, पुढे त्याला तिथून बाहेर काढलं. ही केस मला इतकी महत्त्वाची वाटते की ती पहिल्यापासून नीट लिहून काढावी असं बरेच दिवस डोक्यात होतं.

सुरुवात 1932 ची. जी. एडवर्ड लुईस हा येल युनिव्हर्सिटीचा तरुण विद्यार्थी शिवालिकमध्ये फॉसिल शोधत होता आणि आताच्या हिमाचल प्रदेशातल्या बिलासपूर जिल्ह्यातल्या हरितल्यांगरजवळ त्याला वरच्या जबड्याचा एक तुकडा मिळाला. फक्त उजव्या बाजूचा. दोन उपदाढा, दोन दाढा जागेवर, आणि पुढे सुळ्याची नुसती खोबण, सुळा गायब. बस, एवढंच. 1934 मध्ये त्याने त्याला रामापिथेकस ब्रेव्हिरोस्ट्रिस असं नाव दिलं, ब्रेव्हिरोस्ट्रिस म्हणजे आखूड तोंडाचा, आणि हा माणसाच्या बाजूचा असावा असं लिहिलं. लगेच 1935 मध्ये आलेश हर्डलिच्का या त्यावेळच्या मोठ्या मानववंशशास्त्रज्ञाने ते खोडून काढलं, हा एपच आहे म्हणाला, आणि पुढची पंचवीसेक वर्षं तो तुकडा म्युझियममध्ये कोणाच्या फारशा लक्षात न येता पडून राहिला.

1961 मध्ये येलच्याच एल्विन सायमन्सनी त्या तुकड्याकडे पुन्हा बघितलं आणि लुईस बरोबर होता असं मांडलं. त्याच सुमारास पूर्व आफ्रिकेत फोर्ट टर्नानला लुई लीकींना तसलाच वरचा जबडा मिळाला होता, त्याला त्यांनी केनियापिथेकस म्हटलं, आणि तिथल्या खडकाचं वय निघालं साधारण 1.4 कोटी वर्षं. सायमन्सच्या मते हे दोन्ही एकच. पिलबीम इंग्लंडचे, जन्म 1940 चा, केंब्रिजला शिकून येलला सायमन्सकडे पीएचडीसाठी आलेले. 1965 मध्ये दोघांनी मिळून त्या काळातल्या सगळ्या जुन्या एप्सच्या वर्गीकरणाची साफसफाई केली. ते काम खरंच गरजेचं होतं कारण त्याआधी प्रत्येक संशोधकाने प्रत्येक दाताला वेगळं नाव देऊन ढीग लावून ठेवला होता. ढीग कमी झाला, मूठभर नावं राहिली, आणि त्यात रामापिथेकस हा माणसाच्या शाखेचा सगळ्यात जुना सदस्य म्हणून एकदम वर आला. पिलबीम तेव्हा पंचविशीत होते.

आता हे लोकांना का पटलं, हे समजून घेतलं नाही तर पुढचं सगळं 'चूक केली, चूक सुधारली' इतकं सपाट वाटेल. त्यांचा तर्क असा. एपच्या नराचे सुळे मोठे असतात, माणसाचे लहान. डार्विनने 1871 मध्येच सुचवलं होतं की हातात हत्यार आलं तसं सुळ्यांचं काम संपलं आणि ते लहान झाले. हत्यार वापरायचं तर हात मोकळे हवेत, हात मोकळे म्हणजे दोन पायांवर चाल, आणि हे सगळं म्हणजे मेंदूही कामाला लागलेला. म्हणजे सुळ्याची खोबण लहान दिसली की त्या एका खोबणीमागे अख्खं पॅकेज येत होतं, चाल, हत्यार, मेंदू सगळं. शिवाय दाढांवरचं एनॅमल जाड, माणसासारखं. आखूड चेहरा. आणि दातांची रांग माणसासारखी कमानदार. एका मुठीत मावेल एवढ्या हाडावरून उभा चालणारा प्राणी तयार झाला, त्याच्या पायाचं, कमरेचं, कवटीचं एकही हाड हातात नसताना. मला वाटतं यात लबाडी अजिबात नव्हती. त्या वेळी प्रत्येक पायरी वाजवी होती, फक्त प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवर उभी होती आणि सगळ्यात खालची पायरी म्हणजे तो अर्धा जबडा.

त्या कमानीचं बघा, कारण केसचा गाभा तिथे आहे. माणसाच्या दातांची रांग मागे रुंद होत जाते, पॅराबोला म्हणतात तशी. चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान यांच्या दोन्ही बाजूच्या दाढा जवळपास समांतर, इंग्रजी यू सारख्या. आता तुमच्याकडे जबड्याची फक्त उजवी बाजू आहे आणि टाळूच्या मधली रेघ तुटून गेलीये. डावी बाजू हवी असेल तर उजवीचं आरशातलं चित्र काढून जोडायचं. पण आरसा कुठे आणि किती तिरका धरायचा हे ती मधली रेघ ठरवते, आणि तीच नाही. कागदावर दातांची एक रांग काढून तिच्याशेजारी छोटा आरसा धरून बघा. आरसा थोडा एका बाजूला कलला की समांतर यू दिसतो, थोडा दुसरीकडे कलला की मागे फाकलेली सुंदर मानवी कमान दिसते. हाड तेच. 1960 च्या दशकातली जी ड्रॉइंग्ज गाजली ती या कललेल्या आरशावर होती. 1973 मध्ये ॲलन वॉकर आणि पीटर अँड्र्यूज यांनी फोर्ट टर्नानचे तुकडे पुन्हा जुळवले, वरचा आणि खालचा जबडा एकमेकांवर बसवून, तेव्हा कमान निघालीच नाही. आणि पुढे इथिओपिया-टांझानियात तीसेक लाख वर्षांपूर्वीचे ऑस्ट्रेलोपिथेकस अफारेन्सिसचे जबडे मिळाले, म्हणजे दोन पायांवर चालणारा, नक्की आपल्या बाजूचा प्राणी, आणि त्याच्याही दातांच्या रांगा बऱ्यापैकी समांतर! म्हणजे जे लक्षण 1.4 कोटी वर्षांपूर्वीच्या जबड्यात शोधत होते ते त्यानंतर कोटभर वर्षांनी जगलेल्या आपल्या खऱ्या नातेवाइकातही पूर्ण आलेलं नव्हतं.

दुसरीकडून वेगळाच धक्का बसला. 1967 मध्ये अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात व्हिन्सेंट सॅरिच आणि ॲलन विल्सन यांनी फॉसिलला हात न लावता आपलं घड्याळ लावलं. रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रोटीन घ्यायचं, माणसाच्या अल्ब्युमिनविरुद्ध सशाच्या रक्तात अँटीबॉडी तयार करून घ्यायच्या, आणि मग त्या अँटीबॉडी चिंपांझीच्या, गोरिलाच्या, माकडाच्या अल्ब्युमिनला किती जोरात ओळखतात ते मोजायचं. जितकी ओळख कमी तितकं नातं लांबचं, आणि हे फरक ठराविक वेगाने साठत जातात असं धरलं की त्याचंच घड्याळ होतं. माकडांची आणि एप-माणसांची फारकत 3 कोटी वर्षांपूर्वी झाली असं धरलं तर माणूस आणि आफ्रिकी एप यांची फारकत निघत होती फक्त 50 लाख वर्षांपूर्वी. आणि तसं असेल तर 1.4 कोटी वर्षांपूर्वीचा माणसाचा पूर्वज शक्यच नाही, कारण तेव्हा माणसाची वेगळी शाखाच फुटलेली नव्हती. सॅरिचनी पुढे 1971 मध्ये इतक्या स्पष्टपणे लिहिलं की 80 लाख वर्षांपेक्षा जुनं कुठलंही फॉसिल, दिसायला कसंही असो, माणसाच्या शाखेचं मानायची सोय आता उरलेली नाही.

फॉसिलवाल्यांना हे झोंबलं, साहजिक आहे. ज्याने आयुष्य हाडं मोजण्यात घातलंय त्याला कोणीतरी येऊन सांगतंय की तुझं हाड बघायचीही गरज नाही. पिलबीमनीही तेव्हा हे मान्य केलं नाही. आणि खरं सांगायचं तर त्यांच्या आक्षेपात दम होता, घड्याळ सगळ्या शाखांमध्ये सारख्याच वेगाने चालतं हे गृहीत का धरायचं, आणि ते 3 कोटी वर्षं तरी कुठून आले, फॉसिलवरूनच ना. वाद दहा-पंधरा वर्षं चालला, आणि बरेचदा तो दोन लोकांनी दोन भाषांत बोलावं तसा होता.

माझ्या दृष्टीने या केसमधला निर्णयाचा क्षण 1973 चा आहे. पिलबीमपुढे दोन रस्ते होते. एक, कपाटातले तेच तुकडे पुन्हा मोजून, नवीन तक्ते करून आपली बाजू लढवत राहायची, नाव झालेलंच होतं. दुसरा, जिथून हे प्राणी येतात तिथे जाऊन आणखी हाडं आणायची, मग ती आपल्या विरोधात गेली तरी. त्यांनी दुसरा धरला. येल आणि पाकिस्तानचं भूवैज्ञानिक सर्वेक्षण यांचा संयुक्त प्रोजेक्ट सुरू झाला, पोटवार पठारावर, खौरच्या आसपासच्या उघड्याबोडक्या घळींमध्ये. तो पुढे कित्येक दशकं चालला.

या प्रोजेक्टची पद्धत मला सगळ्यात जास्त आवडते. तिथे खणत बसत नाहीत, चालतात. हिमालय वर येत असताना नद्यांनी आणून टाकलेल्या गाळाचे किलोमीटरच्या हिशोबात जाड थर तिथे तिरके होऊन उघडे पडलेत, पावसाने थर झिजतात आणि हाडं आपोआप वर येतात, मग रांगेने खाली बघत चालायचं आणि प्रत्येक तुकडा कुठल्या थरातून आलाय ते पक्कं नोंदवायचं. थराचं वय कसं कळणार, तर पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र वेळोवेळी उलटतं आणि गाळ बसताना त्यातल्या लोहाच्या कणांत ती दिशा गोठून राहते, थरावर थर ती दिशा मोजत गेलं की सुलट-उलट असा पट्टा मिळतो आणि तो जगभरच्या माहीत असलेल्या पट्ट्याशी जुळवायचा. आणि मुख्य म्हणजे त्यांनी फक्त एप शोधले नाहीत. हत्तींचे नातेवाईक, जिराफांचे नातेवाईक, तीन बोटांचे घोडे, डुकरं, हरणासारखे प्राणी, उंदरांचे चाळणीतून निवडलेले बारीक दात, सगळं उचललं. कारण एप कुठल्या जंगलात राहत होता, काय खात होता, नाहीसा का झाला हे एपच्या दातावरून एकट्याने कळत नाही. एपची हाडं तर त्या सगळ्या ढिगात फारच थोडी, त्यामुळे फक्त त्यासाठी गेलेला माणूस बहुतेक दिवस रिकाम्या हातानेच परत येणार. लुईसच्या तुकड्याचं वय आणि त्या जागेचा थर इतका नीट माहीत असता तर निम्मा वाद झालाच नसता असं मला राहून राहून वाटतं.

1976 मध्ये पहिलं उत्तर मिळालं. रामापिथेकसचा म्हणावा असा जवळजवळ पूर्ण खालचा जबडा, दोन्ही बाजू असलेला. आता आरशाची गरजच नव्हती. आणि आकार ना पॅराबोला ना यू, तो निघाला व्ही. म्हणजे माणसासारखा नाहीच, पण आजच्या चिंपांझीसारखाही नाही. आजच्या प्राण्यांत जे दोन साचे आहेत त्यातल्या एकात जुना प्राणी बसलाच पाहिजे ही अपेक्षाच मुळात चुकीची होती, हे त्या एका जबड्याने दाखवलं. पिलबीमनी 1977 मध्ये नेचर या विज्ञानपत्रिकेत नवीन सापडलेल्या सगळ्या एप्सची माहिती दिली आणि तेव्हापासून त्यांच्या लिखाणातला ठामपणा उतरत गेलेला दिसतो, 'हा माणसाचा पूर्वज' च्या जागी 'हे पुन्हा बघावं लागेल' यायला लागलं.

त्याच काळात लेनर्ड ग्रीनफिल्ड आणि इतर काही जण वेगळ्या वाटेने त्याच जागी पोचत होते. शिवालिकमध्ये रामापिथेकससोबत नेहमी शिवापिथेकस नावाचा दुसरा, जरा मोठा एप मिळायचा. दात तसेच, एनॅमल तसंच जाड, फक्त आकार मोठा आणि सुळे मोठे. आता ओरांगउटान बघा, नर मादीच्या जवळपास दुप्पट वजनाचा आणि सुळेही तसेच मोठे. मग बारीक सुळ्यांचा रामापिथेकस म्हणजे शिवापिथेकसच्या लहान चणीच्या जाती आणि माद्या नाहीत कशावरून? डार्विनपासून सुरू झालेलं ते हत्यार-चाल-मेंदूचं पॅकेज ज्या लहान सुळ्यावर उभं होतं त्याचं कारण इतकं साधं निघण्याची शक्यता होती. या ओळी वाचताना मी पहिल्यांदा पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो होतो.

आणि मग आला जीएसपी 15000 (जीएसपी म्हणजे पाकिस्तानचं भूवैज्ञानिक सर्वेक्षण, पुढे नमुन्याचा क्रमांक). पोटवारच्याच थरांतून, त्या वेळच्या हिशोबाने साधारण 80 लाख वर्षांपूर्वीचा (आता तो त्याहून जुना धरतात), शिवापिथेकसचा चेहरा. डाव्या बाजूचा बराचसा चेहरा, खालचा जबडा, दात. तोपर्यंत सगळं भांडण दात आणि जबड्याच्या तुकड्यांवर होतं, आता पहिल्यांदा समोर तोंड होतं. पिलबीमनी 1982 मध्ये त्यावर नेचरमध्ये लिहिलं. हा चेहरा ओरांगउटानच्या कवटीशेजारी ठेवून बघितलेले फोटो मिळाले तर जरूर बघा, त्या क्षेत्रातलं काही माहीत नसलं तरी साम्य दिसतं. डोळ्यांच्या खोबणी रुंदीपेक्षा उंच, अंडाकृती. दोन डोळ्यांमधली जागा अगदी अरुंद. बाजूने बघितलं तर चेहरा खोलगट, तबकडीसारखा आत गेलेला आणि जबडा वर उचललेला. पुढचे मधले दोन दात मोठे आणि त्यांच्या बाजूचे एकदम बारके. आणि सगळ्यात पक्की खूण नाकाच्या तळाशी. चिंपांझी-गोरिलात पुढच्या दातांचं हाड संपून नाकाचा तळ सुरू होतो तिथे एक पायरी असते, ओरांगउटानमध्ये पायरीच नाही, एक हाड दुसऱ्यावर गुळगुळीत सरकत जातं. जीएसपी 15000 मध्ये ते तसंच गुळगुळीत. त्याच वर्षी पीटर अँड्र्यूज आणि जे. ई. क्रोनिन यांनीही शिवापिथेकस-रामापिथेकसचं नातं ओरांगउटानशी जोडलं, अँड्र्यूजना त्याआधी तुर्कस्तानातल्या एका चेहऱ्यात तशाच खुणा दिसल्या होत्या.

म्हणजे हिशोब असा झाला, शिवापिथेकस ओरांगउटानच्या बाजूचा, रामापिथेकस म्हणजे शिवापिथेकसच, म्हणून रामापिथेकस माणसाच्या बाजूचा नाही. नावाचाही निकाल लागला. प्राण्यांच्या नावांचा नियम आहे की दोन नावं एकाच प्राण्याची निघाली तर जुनं राहतं. शिवापिथेकस हे गाय पिल्ग्रिम यांनी 1910 मध्ये दिलेलं, रामापिथेकस 1934 चं, त्यामुळे रामापिथेकस हे नाव वर्गीकरणातून गेलं. पाठ्यपुस्तकांतून मात्र इतक्या लवकर गेलं नाही, आणि याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण मुलांना जुनं उत्तर मिळालं आणि त्याहून कितीतरी भारी असलेली ही गोष्ट मिळाली नाही.

अनेक ठिकाणी ही केस 'डीएनएवाले जिंकले, हाडवाले हरले' अशी सांगितली जाते. मला ते पटत नाही. सॅरिच आणि विल्सन यांचा मुख्य मुद्दा बरोबर ठरला यात वाद नाही, पण 50 लाख हा त्यांचा आकडा आता कमी वाटतो, आजचे अंदाज साधारण 60 लाखांपासून वर जातात. आणि त्यांचं घड्याळ लावायला फॉसिलचीच तारीख लागली होती. उलट पिलबीमना रक्ताच्या पुराव्याने मत बदलायला भाग पाडलं असंही नाही, पटलं ते चेहरा हातात आल्यावर. काही लोक म्हणतील की मग 1967 लाच का नाही ऐकलं, पंधरा वर्षं फुकट गेली. फुकट कशी? त्याच हट्टातून पोटवारचं काम उभं राहिलं आणि आज जगातल्या सगळ्यात नीट कालक्रम लावलेल्या सस्तन प्राण्यांच्या नोंदींत ती नोंद धरली जाते. शिवापिथेकस तिथे साधारण 1.27 कोटी ते 85 लाख वर्षांपूर्वीपर्यंत दिसतो आणि मग संपतो, जंगल मागे हटून गवताळ प्रदेश वाढत गेला त्या सुमारास, आणि हे कळलं ते घोड्या-हरणांच्या दातांतल्या कार्बनवरून आणि जुन्या मातीवरून, एपच्या हाडावरून नाही.

गोष्ट 1982 ला संपली असती तर ती फार सोयीची झाली असती. पण 1990 मध्ये पिलबीम आणि सहकाऱ्यांनी शिवापिथेकसची दंडाची हाडं प्रसिद्ध केली आणि त्यात त्यांच्याच आठ वर्षांपूर्वीच्या निष्कर्षाला तडा गेला. आजच्या मोठ्या एप्सचा दंड बऱ्यापैकी सरळ असतो, हात वर करून फांदीला लटकायचं असतं ना. शिवापिथेकसच्या दंडाच्या वरच्या भागाला बाक आणि सपाटी, चार पायांवर चालणाऱ्या माकडासारखी. कोपराकडचा भाग एपसारखा. म्हणजे चेहरा म्हणतो ओरांगउटान आणि खांदा म्हणतो नाही. एक तर चेहऱ्याचं साम्य योगायोगाने दोनदा तयार झालं, नाहीतर लटकायची सवय ओरांगउटानमध्ये आणि आफ्रिकी एप्समध्ये वेगवेगळी आली. दोन्हीतलं काहीही असो, काहीतरी दोनदा घडलंय हे मान्य करावं लागतं. पिलबीमनी हे दडपलं नाही, पेपरचा विषयच तो केला, आणि माझ्यासाठी हे 1982 पेक्षा मोठं आहे. पहिल्यांदा मत बदलताना माणसाला बाजू बदलायची असते, दुसऱ्यांदा बदलताना उभं राहायला बाजूच नसते.

2002 मध्ये चाडमधल्या साहेलॅन्थ्रोपसचा पेपर आला, मिशेल ब्रुने यांच्या टीमचा, 60 ते 70 लाख वर्षांपूर्वीची कवटी, माणसाच्या शाखेची सगळ्यात जुनी दावेदार. लेखकांत पिलबीम आहेत. सॅरिचनी आखलेल्या 80 लाखांच्या रेषेच्या अलीकडचं फॉसिल.

आणि 2015 मध्ये पोटवारचं आणखी एक हाड आलं, शिवापिथेकसच्या कमरेचं, साधारण 1.23 कोटी वर्षांपूर्वीचं. रामापिथेकस दोन पायांवर चालत असेल असं ज्या काळी लिहिलं गेलं तेव्हा ज्या हाडाचा तुकडाही कोणाकडे नव्हता, नेमकं ते. धड अरुंद, माकडासारखं, आजच्या एप्ससारखं रुंद नाही. त्या पेपरवरच्या नावांतलं शेवटचं नाव पिलबीमचं आहे, सायमन्ससोबतच्या त्या पहिल्या कामाला तेव्हा पन्नास वर्षं झाली होती, आणि शिवापिथेकस नक्की कोणाचा नातेवाईक हा प्रश्न त्यात पुन्हा उघडाच ठेवलाय.